रोज एक फोटो, खिशातला रिको जीआर-३ आणि सोलापूरची धूळ

रोज एक फोटो काढायचा छंद कॅमेऱ्यावाचून अडत नाही, आळसामुळे अडतो. पहिले पंधरा दिवस सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ल्याचे बुरूज, गच्चीवरून मावळता सूर्य आणि टपरीवरचा चहा यांत मजेत निघून जातात. खरी परीक्षा त्यानंतर. एखाद्या बुधवारी रात्री साडेदहाला आठवतं की आजचा फोटो राहिला, आणि मग छताच्या पंख्याचा फोटो निघतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच पंखा. म्हणून या छंदासाठी कॅमेरा जोखताना चित्र किती सुरेख येतं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की काहीच घडत नसलेल्या दिवशी, दूध आणायला जाताना तो बरोबर असतो का, आणि दोन सेकंदांत बाहेर निघतो का? रिको जीआर-३ या कसोटीला बाजारातल्या बहुतेक कॅमेऱ्यांपेक्षा चांगला उतरतो. फक्त सोलापुरात तो घेणाऱ्याने कॅमेऱ्याबरोबर धुळीचं पथ्यही घेतलं पाहिजे. ते पाळायची तयारी नसेल तर पैसे वाचवावेत.

मार्च २०१९ मध्ये आलेला हा कॅमेरा. आत एपीएस-सी आकाराचा, म्हणजे साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा सेन्सर, २४ मेगापिक्सेल. लेन्स १८.३ मिमी, एफ २.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं), फुल फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २८ मिमी, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी. झूम नाही, फ्लॅश नाही, डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही, स्क्रीन वळत नाही. एवढं सगळं काढून टाकल्यामुळेच बॅटरी आणि कार्ड धरून वजन २५७ ग्रॅम राहिलंय. रुंदी ११ सेंटिमीटरच्या आत, जाडी ३३ मिलिमीटर. शर्टाच्या खिशात जातो पण खिसा लोंबतो, पॅन्टच्या पुढच्या खिशात नीट बसतो, जीन्स घट्ट असेल तर बसल्यावर टोचतो. २८ मिमीचा हट्ट नवा नाही, १९९६ च्या फिल्मवरच्या जीआर-१ पासून तो चालत आलाय.

बटण दाबल्यापासून लेन्स बाहेर येऊन तयार व्हायला एक सेकंदही लागत नाही. जवळजवळ सगळी बटणं उजव्या हाताच्या बोटांखाली आहेत, त्यामुळे डाव्या हातात भाजीची पिशवी असली तरी काम होतं. शटरचा आवाज जवळजवळ नाहीच. कार्ड घरी लॅपटॉपला लावलेलं राहिलं (हे सगळ्यांचं होतं) तर आतल्या २ जीबी मेमरीत रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल) आणि जेपेग मिळून चाळीस-पन्नास फोटो मावतात. रोजच्या छंदात साखळी तुटू नये यासाठी ही सोय सोन्यासारखी आहे. एक बारीक कटकट: लेन्सभोवतीची रिंग. ती अ‍ॅडॅप्टर लावायच्या जागेवरचं नुसतं झाकण आहे, खिशात घासून फिरते आणि सुटते. हरवली तरी कॅमेरा चालतो, पण आतले संपर्कबिंदू उघडे पडतात. खिशात टाकण्यापूर्वी ती टिक असा आवाज येईपर्यंत फिरवलेली आहे ना, एवढं बघायचं.

आता २८ मिमीबद्दल. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण याच रुंदीचा असतो, म्हणून सवय व्हायला वेळ लागत नाही. पण फोनवर बोटांनी झूम करायची खोड असेल तर इथे हात बांधल्यासारखे होतात. मंगळवार पेठेतल्या अरुंद बोळात, जुन्या वाड्याच्या चौकात, दुकानाच्या फळीपाशी ही लेन्स चपखल आहे, कारण मागे सरकायला जागाच नसते. मोकळ्या मैदानावर मात्र सगळं लहान आणि लांब दिसतं, आणि नवशिक्याच्या फोटोत निम्मं आभाळ आणि निम्मा डांबरी रस्ता येतो. यावर उपाय एकच, पुढे चालत जाणं. कॅमेऱ्यात ३५ आणि ५० मिमीचा क्रॉप, म्हणजे कडा कापून मधला भाग ठेवायची सोय आहे. पस्तीसला १५ मेगापिक्सेल उरतात, ते पुष्कळ झाले. पन्नासला सातच उरतात, छोट्या छपाईपुरते. कंबर तलावावरचे पक्षी किंवा नान्नजच्या माळरानावरचं काही या कॅमेऱ्याने टिपायचं मनातही आणू नका.

या कॅमेऱ्याचं खरं मर्म स्नॅप फोकसमध्ये आहे, आणि ते न वापरता तो वापरणं म्हणजे कडक भाकरी दुधात बुडवून मऊ करून खाण्यासारखं आहे. चालतं, पण मग कडक भाकरी घेतली कशाला? स्नॅपमध्ये आपण अंतर आधीच ठरवून ठेवतो: १ मीटर, १.५, २, २.५ असे टप्पे. मग शटर अर्धं दाबून न थांबता एकदम पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, त्या अंतरावर थेट फोटो घेतो. अर्धं दाबलं तर नेहमीचा ऑटोफोकस चालतो. म्हणजे एकाच बटणात दोन्ही सोयी.

आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. एफ ८ आणि २.५ मीटर ठेवलं तर साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. भर दिवसा रस्त्यावर हेच ठेवावं. एफ ५.६ आणि १.५ मीटर ठेवलं तर एक ते तीन मीटर एवढा पट्टा मिळतो. कस्तुरबा मंडईत गिऱ्हाईक म्हणून उभं राहिलं की भाजीवाल्या मावशींचा तराजूचा हात साधारण याच अंतरावर असतो. एफ २.८ वर मात्र स्नॅप वापरू नये, पट्टा इतका अरुंद होतो की अंदाज हातभर चुकला तरी चेहऱ्याऐवजी मागची कोथिंबीर स्पष्ट येते. अंतराचा अंदाज बसवायला घरातली फरशी उपयोगी पडते. दोन फुटांची फरशी असेल तर अडीच फरशा म्हणजे दीड मीटर. आठवडाभर रोज दहा वेळा अंदाज करून मोजलं की डोळा बसतो. आणि फोटो काढण्याआधी मावशींना विचारायचं. २८ मिमीने चोरून फोटो निघत नाही, निघाला तरी त्यात माणूस मुंगीएवढा असतो.

मोड डायलवर यू-१, यू-२, यू-३ असे तीन कप्पे आहेत. रोज फोटो काढणाऱ्याने ते पहिल्याच दिवशी भरावेत. यू-१ दिवसाचा: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), एफ ८, ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ते ३२००, कमीत कमी शटर १/२५०, स्नॅप २.५ मीटर. यू-२ घरातला आणि संध्याकाळचा: एफ २.८, आयएसओ ६४०० पर्यंत, कमीत कमी शटर १/६०, मधल्या बिंदूवर ऑटोफोकस. यू-३ मध्ये चौकोनी चौकट आणि कृष्णधवल, कंटाळ्याच्या दिवसांसाठी. सेटिंग मेनूतून सेव्ह केल्याशिवाय कप्प्यात राहत नाही, आणि सेव्ह केल्यानंतर वर-वर काही बदललं तर डायल फिरवताच ते पुसलं जातं. ‘काल एक्स्पोजर कमी केलं होतं, आज पुन्हा जास्त कसं?’ असं कोणी विचारलं तर उत्तर बहुतेक हेच असतं.

सोलापूरच्या दुपारच्या उन्हात दोन अडचणी येतात. पहिली शटरची. या कॅमेऱ्याचं शटर लेन्समध्येच आहे, आणि एफ २.८ वर ते १/२५०० च्या पुढे जात नाही. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ २.८ ला साधारण १/३२०० लागतं, म्हणजे फोटो थोडा पांढरट पडणारच. आत दोन स्टॉपचा, म्हणजे उजेड चौथाईवर आणणारा एनडी फिल्टर आहे, तो ऑटोवर ठेवला की हिशेब १/८०० वर येतो आणि प्रश्न मिटतो. दुसरी अडचण स्क्रीनची. एप्रिलच्या बाराच्या उन्हात त्यावर स्वतःचा चेहराच दिसतो. मेनूत बाहेरच्या उजेडासाठी स्क्रीन उजळ करायची सोय आहे, ती एका बटणाला जोडून ठेवावी. त्यापेक्षा चांगलं म्हणजे वर बसवायचा काचेचा छोटा फाइंडर, पण तो लावला की खिशातला कॅमेरा खिशातला राहत नाही. अंदाजाने, स्क्रीन न बघता काढायची सवय लावणं सगळ्यात स्वस्त.

आता यंत्रमाग. सोलापुरात राहून रोज फोटो काढणारा माणूस आज ना उद्या पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात कॅमेरा घेऊन जाणारच, आणि त्याला अडवूही नये. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. या कामाचं रूप टिपलं गेलंच पाहिजे. पण कॅमेऱ्याची सगळी परीक्षा तिथे एकदम होते. मालकाची परवानगी घेतल्यावर पहिली गोष्ट, गळ्यातला पट्टा काढून ठेवायचा. लोंबता पट्टा आणि फिरता माग यांची गाठ पडू द्यायची नाही. मनगटाचा छोटा दोरा चालतो, तोही हाताला दोन वेढे देऊन.

प्रकाश बहुधा ट्यूबचा नाहीतर एलईडीचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. जीआर-३ चं शटर लेन्समध्ये असल्याने फोटोत आडवे पट्टे येत नाहीत, पण १/५०० वर लागोपाठ पाच फोटो काढले तर एक उजळ, एक काळपट, एक हिरवट-पिवळा असे येतात. आणि दोष मात्र व्हाइट बॅलन्सला, म्हणजे रंग जुळवायच्या सेटिंगला दिला जातो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की लुकलुकीचे पूर्ण फेरे धरले जातात आणि सगळे फोटो सारखे येतात. १/५० चा आणखी एक फायदा असा, की जुन्या मागावर आडवा धागा घेऊन धावणारा धोटा अंधुक रेघ होऊन उमटतो, माग चालू असल्याचं फोटोत दिसतं, आणि मागापाशी उभा असलेला माणूस बऱ्यापैकी स्थिर राहतो. १/१००० वर धोटा हवेत गोठतो खरा, पण एफ २.८, १/५० ला आयएसओ ८०० पुरत असेल तर इथे १६००० लागतो. एवढं दाणेदार चित्र करून शेवटी माग बंद असल्यासारखाच दिसतो!

चादरीच्या विणीची आणखी एक गंमत. या सेन्सरसमोर अँटी-अलायसिंग फिल्टर नाही, म्हणून बारकावे कुरकुरीत येतात. पण घट्ट, नियमित वीण ठरावीक अंतरावरून टिपली की तिच्यावर इंद्रधनुषी लाटा दिसतात, ज्या चादरीत नसतातच. कॅमेऱ्यात सेन्सर किंचित हलवून या लाटा घालवायची सोय आहे, मेनूत अँटी-अलायसिंग सिम्युलेटर नावाने. चादरी, टॉवेल आणि साड्यांच्या दुकानात ती चालू करावी, एरवी बंद. किंवा नुसतं एक पाऊल पुढे-मागे व्हावं, लाटा बऱ्याचदा तेवढ्यानेही जातात.

आणि कारखान्याच्या हवेत तरंगणारे सुताचे तंतू. इथून धुळीचा मुद्दा सुरू होतो, आणि या परीक्षणातला हाच सगळ्यात महत्त्वाचा.

जीआर-३ ला धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही. लेन्स आत-बाहेर होते, आणि दर वेळी बाहेर येताना लोहाराच्या भात्यासारखी आजूबाजूची हवा फटीतून आत ओढते. त्या हवेबरोबर आलेला कण फिरत फिरत सेन्सरवर बसला की ठाण मांडतो. लेन्स निघत नसल्यामुळे तिथवर आपला हात पोचत नाही. एफ २.८ वर त्याची सावली पसरून जाते, म्हणून महिनोन्महिने पत्ता लागत नाही. मग एखाद्या सकाळी सिद्धेश्वर मंदिराचा तलावासकट फोटो एफ ११ वर काढला की वरच्या कोपऱ्यात, निरभ्र आभाळात, ज्वारीच्या दाण्याएवढा करडा गोल. पुढच्या फोटोतही तिथेच. ढग नाही, घार नाही.

बहुतेक धूळ रस्त्यावरून येत नाही, खिशातून येते. पॅन्टचा खिसा उलटा करून शिवणीत बघितलं तर कारण कळतं. म्हणून उघड्या खिशात कॅमेरा कधीच टाकायचा नाही. आतून गुळगुळीत कापडाची छोटी पिशवी शिवून घ्यावी. फ्लॅनेल किंवा लोकरी अस्तर नको, तेच तंतू सोडतं. पिशवी दर आठवड्याला उलटी करून झटकावी. कारखान्यात, गिरणीत किंवा मे महिन्याच्या वावटळीत कॅमेरा दर फोटोला बंद-चालू करू नये. एकदा चालू केला की आपोआप बंद व्हायची वेळ वाढवून लेन्स बाहेरच ठेवावी. बॅटरी जास्त जाते, भाता कमी चालतो.

साफ करताना लेन्स बाहेर काढून कॅमेरा उलटा, तोंड जमिनीकडे धरायचा. नळीभोवती मऊ कोरडा ब्रश फिरवायचा, मग रबरी ब्लोअरने बाजूने हवा मारायची, फटीत थेट नाही. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे शिंतोडे काचेवर बसतात. दाबाची हवा भरलेला डबा वापरला तर बाहेरचा कण आत जातो. काही जण व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड लेन्सला लावतात. त्या वाटेला जाऊ नये. इतक्या नाजूक यंत्रणेला तो झटका कशाला? सेन्सर थरथरवून धूळ झटकायची सोय कॅमेऱ्यातच आहे, ती चालू करतानाच आपोआप होईल अशी लावून ठेवावी. कोरडा कण तिने पडतो. तेलकट कण किंवा सुताचा तंतू पडत नाही.

कारखान्यासाठी आणि गड्ड्यासाठी (सिद्धेश्वर यात्रेसाठी) एक पक्का उपाय आहे: जीए-१ अ‍ॅडॅप्टर, म्हणजे लेन्सभोवती बसणारी नळी, आणि त्यावर ४९ मिमीचा साधा यूव्ही फिल्टर. लेन्स त्या नळीच्या आतच पुढे-मागे होते, त्यामुळे धूळ पूर्ण थांबली नाही तरी बरीच कमी होते. किंमत अशी की कॅमेरा खिशात मावत नाही. म्हणून तो कायमचा लावू नये, ठरवून धुळीत जायच्या दिवशीच लावावा.

महिन्यातून एकदा तपासणी करायची. एफ १६, आयएसओ १००, एक्स्पोजर एक स्टॉप वर, फोकस हाताने अगदी जवळ आणून ठेवायचा आणि लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्याचा किंवा निरभ्र आभाळाचा फोटो, काढताना कॅमेरा जरा हलवायचा म्हणजे पडद्याचे ठिपके उमटत नाहीत. मग फोटो मोठा करून कोपऱ्याकोपऱ्यात बघायचा आणि तारखेसकट जपून ठेवायचा. डाग वाढतायत की तेवढेच आहेत, हे पुढच्या महिन्यात ताडता येतं. रोज एकच फोटो ठेवणाऱ्याला एक-दोन डागांनी आभाळ कोसळत नाही, फोनवरच्या साध्या अ‍ॅपने दहा सेकंदांत पुसता येतात. एफ ८ च्या पुढे न जाणं हा त्याहून सोपा उपाय. डाग पाच-सहा झाले आणि मधोमध आले तरच कंपनीच्या अधिकृत सेवेकडे पाठवावा. गल्लीतल्या दुकानात लेन्स उघडायला देऊ नये, परत बसवताना ती तिरकी बसली तर फोटोची एक बाजू कायमची अस्पष्ट राहते.

उन्हाचं आता थोडक्यात. कंपनीने वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिली आहे. सोलापूरचा मे महिना तिला जुमानत नाही. काळा कॅमेरा उन्हात हातात धरला की अजून तापतो, आणि स्कूटरच्या डिकीत दुपारी ठेवला तर बॅटरीचं आयुष्य त्या डिकीतच संपतं. मे महिन्यात फोटो सकाळी आठच्या आत नाहीतर साडेसहानंतर काढावा. बॅटरी लहान आहे, ठरलेल्या चाचणीप्रमाणे एका चार्जवर साधारण २०० फोटो, आणि पडद्यावर फोटो बघत बसलं तर त्याहून कमी. रोजच्या दहा-बारा फोटोंना आठवडाभर पुरते असं कागदावर दिसतं, प्रत्यक्षात दर तीन-चार दिवसांनी लावावी. यूएसबी-सी असल्यामुळे फोनचीच वायर आणि पॉवरबँक चालते. एक जादा डीबी-११० बॅटरी घेऊन ठेवावी.

संक्रांतीच्या आसपासची सिद्धेश्वर यात्रा, म्हणजे आपला गड्डा, या छंदातला सगळ्यात श्रीमंत आठवडा. त्यातही एक्स्पोजरचा सापळा आहे. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी आणि भक्त. चौकटभर पांढरंच असेल तर कॅमेरा घाबरून फोटो काळपट करतो, तिथे ०.७ ने वाढवायचं. उलट, गर्दीच्या गडद पार्श्वभूमीवर एखादीच बाराबंदी असेल तर ती धुऊन निघाल्यासारखी जाते, कापडाची चुणीसुद्धा उरत नाही. तिथे मीटरिंग (उजेड मोजायची पद्धत) हायलाइट-वेटेड, म्हणजे उजळ भाग जपणारं करायचं, सावल्या नंतर रॉ फाइलमधून वर काढता येतात. नंदीध्वज उंच, लेन्स रुंद. कॅमेरा उभा धरून, कमरेच्या उंचीवरून, ध्वजाच्या अगदी जवळ जाऊन काढला तरच त्याची उंची जाणवते. शोभेच्या दारूकामाला कॅमेरा कठड्यावर पक्का ठेवून एफ ८, आयएसओ १००, दोन ते चार सेकंद, फोकस अनंतावर. सेल्फ टायमर दोन सेकंदांचा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

विषय संपला असं वाटणाऱ्यांसाठी सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ६८ लिंगं शहरात आणि शहराभोवती आहेतच. रोज एक म्हटलं तरी दोन महिन्यांवर आठवडा निघतो. गाभारे लहान आणि अंधारे, समईचा उजेड. एफ २.८, १/१५, आयएसओ १६००, एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे ज्योत पांढरा ठिपका न होता ज्योतच राहते. सेन्सरची स्थिरीकरण यंत्रणा तीन अक्षांची आहे, श्वास रोखून १/१५ सहज निघतं, १/८ ही दोनातून एकदा. फोटो चालतो का, हे पुजाऱ्यांना आधी विचारलेलं बरं.

जवळच्या फोटोंसाठी मॅक्रो आहे, लेन्सपासून ६ ते १२ सेंटिमीटर. शेंगाचटणीत अडकलेला लसणाचा तुकडा, कडक भाकरीच्या कडेची करपलेली चीर, विडीच्या टोकाची दुमड, असल्या गोष्टी यात झकास येतात. अडचण एकच, एवढ्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्याची स्वतःचीच सावली ताटावर पडते. खिडकी डाव्या किंवा उजव्या बाजूला घ्यायची, पाठीमागे कधीच नाही. मॅक्रो चालू राहिला तर पुढच्या वेळी लांबचा फोकस लागत नाही आणि कॅमेरा बिघडला असं वाटतं. पडद्यावरचं फुलाचं चिन्ह बघायचं.

डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. सहाला कचेरीतून सुटणाऱ्याने त्या महिन्यात फोटो सकाळीच काढून मोकळं व्हावं, नाहीतर पुन्हा पंखा आहेच. महिन्याला एक बंधन घालून घेतलं तर पंख्याची पाळी कमी येते. एक महिना फक्त १ मीटर स्नॅप, एक महिना फक्त चौकोनी कृष्णधवल, एक महिना चार हुतात्मा चौकात रोज एकाच जागेवर, सकाळी आठला, एकच फोटो. झूम नसलेल्या कॅमेऱ्याला ही शिस्त मानवते.

फोटो त्याच रात्री निवडायचा, बाकीचे उडवायचे. रॉ साधारण ३० एमबी आणि जेपेग दहाएक एमबी धरला तर रोजचा एक ठेवून वर्षाला १५ जीबीच्या आत काम होतं. सगळेच ठेवले तर वर्षअखेरीला कोणीही उघडून बघत नाही. फोनवर घ्यायला कंपनीचं इमेज सिंक अ‍ॅप आहे, पण कार्ड रीडर लावणं त्याहून सरळ. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने दिलं की यादी आपोआप लागते. छपाईत एक छुपा फायदा आहे. या कॅमेऱ्याची चौकट ३:२, म्हणजे ४ बाय ६ इंचाच्या कागदावर तंतोतंत बसते. फोनची चौकट बहुधा ४:३ असते, त्यामुळे लॅबमधून येताना डोकी नाहीतर पाय कापले जातात. लॅबवाल्याला ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं आवर्जून सांगायचं, नाहीतर समईच्या उजेडाचा गाभारा ट्यूबलाइट लावल्यासारखा होऊन येतो.

घ्यावा कोणी? ज्याने फोनवर साठ दिवस एकही खाडा न करता फोटो काढलाय, त्याने. त्याआधी नवीन दुचाकीच्या किमतीचा कॅमेरा घेऊन छंद लागत नाही, कपाट भरतं. माणसांचे चेहरे आणि खाण्याचे पदार्थ जास्त काढणाऱ्याने ४० मिमीचा भाऊ, जीआर-३ एक्स, बघावा. लहान मुलांच्या मागे धावणाऱ्याने दोन्ही टाळावेत, ऑटोफोकस संथ आहे आणि कमी उजेडात पुढे-मागे चाचपडतो. व्हिडिओ हवा असेल तर विषयच संपला. जीआर-४ आता आलाय, त्यात आतली मेमरी आणि स्थिरीकरण दोन्ही वाढलंय, आणि त्याच्यामुळे वापरलेले जीआर-३ जास्त निघू लागलेत.

वापरलेला घेताना पुण्या-मुंबईहून कुरियरने मागवण्याआधी विकणाऱ्याकडून दोन मूळ फाइली मागाव्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, कारण फोटो म्हणून पाठवला की बारकावे आणि आतली माहिती दोन्ही जातात. एक वर सांगितलेली एफ १६ ची पांढरी. दुसरी एफ २.८ वर, विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून. चारही कोपरे सारखे स्पष्ट नसतील तर कॅमेरा पडलेला किंवा उघडलेला आहे. हातात आल्यावर वीस वेळा बंद-चालू करावा, लेन्स अडखळत किंवा करकरत आली तर आत कण आहे. मागची चकती आणि उजवीकडचा लिव्हर एकेक टिक नीट देतो का, बॅटरी फुगून खाचेत घट्ट झाली आहे का, रिंग बसते का, मूळ पावती आहे का. पांढऱ्या फोटोत डाग दिसला आणि विकणारा ‘दोन हजार कमी करतो’ म्हणाला, तरी घेऊ नका. दुसरा बघा.